१२० तासांचा कागद नको, काम द्या : सोलापुरातल्या प्राचार्यांना आणि कारखानदारांना खुलं पत्र

प्रति,
सोलापूर शहर-जिल्ह्यातल्या महाविद्यालयांचे प्राचार्य आणि विभागप्रमुख,
तसेच शहरातले यंत्रमागधारक, डाइंगवाले, गारमेंटवाले आणि इतर उद्योजक

स. न. वि. वि.

मी एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, अशोक चौकाच्या मागच्या एका कारखान्यात चादरीचे माग चालवतात. आई घरी शाळेच्या गणवेशांचं काज-बटण करते. आमच्या घरात एम.एस्सी.पर्यंत पोचलेली मी पहिलीच. हे पत्र दोन महिन्यांपूर्वीच लिहायला हवं होतं, पण धीर होत नव्हता. परवा आमच्या विभागाच्या फलकावर खालच्या वर्गासाठी पुन्हा तीच नोटीस लागलेली पाहिली आणि राहवलं नाही.

नोटीस चार ओळींची आहे. ओजेटीचं (कामाच्या जागी घेतलेल्या प्रशिक्षणाचं) प्रमाणपत्र संस्थेच्या लेटरहेडवर, शिक्का आणि जीएसटी क्रमांकासह असावं. काम करतानाचे दोन फोटो जोडावेत. आठ दिवसांत जमा करावं. उशिरा आलेलं प्रमाणपत्र ग्राह्य धरलं जाणार नाही. कुठे जायचं, काय शिकायचं, शिकवणार कोण, याबद्दल त्यात एक अक्षर नाही.

ज्यांच्या घरात सध्या कुणी कॉलेजला जात नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदव्युत्तर अभ्यासक्रम २०२३-२४ पासून आणि पदवीचा २०२४-२५ पासून बदलला. त्यात ऑन जॉब ट्रेनिंग आलं, आम्ही सगळे त्याला ओजेटी म्हणतो. एम.एस्सी.ला पहिल्याच वर्षी ते चार श्रेयांकांचं आहे, म्हणजे १२० तास प्रत्यक्ष कामाच्या जागी जाऊन काम शिकायचं. दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प आहे. पदवीच्या मुलांनाही ओजेटी आणि क्षेत्रीय प्रकल्प आहेत. मला विचाराल तर नव्या अभ्यासक्रमातली ही सर्वांत चांगली गोष्ट आहे. आमच्यासारख्यांना पुस्तकातल्या रसायनाची आणि आपल्या गल्लीतल्या रसायनाची गाठ घालून देणारे दुसरे तास पूर्ण पदवीत नाहीत. म्हणूनच ते वाया जाताना बघवत नाही.

माझ्या १२० तासांचं काय झालं ते आधी सांगते.

विभागातून आम्हाला सांगितलं गेलं, "तुमचं तुम्ही शोधा." मी एमआयडीसीत पाच ठिकाणी गेले. दोन ठिकाणी वॉचमनच्या पुढे जाता आलं नाही. एका ठिकाणी साहेब भेटले आणि म्हणाले, मुलींसाठी आमच्याकडे सोय नाही. शेवटी आप्पांच्या ओळखीनं साखर पेठेच्या बाजूला सूत रंगवणारे एक मास्तर आहेत, त्यांच्याकडे गेले. चार-पाच माणसांचा कारखाना, पत्र्याचं छप्पर, मे महिना. सोलापूरचं ऊन आणि वर कढईची वाफ. पण मास्तरांनी पहिल्याच दिवशी एक स्टूल दिलं आणि म्हणाले, "बस. बघ. मग विचार." २६ दिवस मी रोज सकाळी आठ ते एक तिथे गेले. म्हणजे १३० तास झाले.

मास्तर तेलुगू भाषक, शाळा सातवीपर्यंत झालेली. त्यांची एक जुनी अडचण होती. गुलाबी आणि फिकट निळ्याचा लॉट कधी छान उठायचा, कधी त्याच मापानं रंग, मीठ, सोडा घालूनही फिक्का पडायचा आणि लडीवर ठिपके यायचे. मग तो लॉट परत रंगवायचा, म्हणजे दुप्पट रंग, दुप्पट जळण आणि व्यापाऱ्याची बोलणी. "रंगवाला म्हणतो पाणी बघा, पाणीवाला म्हणतो रंग बघा. तू शिकलेली आहेस, सांग की," असं ते म्हणाले.

आपल्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं हे तुम्हाला मी काय सांगायचं. नळाचं पाणी संपलं की मास्तर बोरचं घ्यायचे. मी दोन्हीचे नमुने बाटल्यांत भरले. माझ्या जुन्या ज्युनिअर कॉलेजच्या सरांनी दुपारी दोन तास प्रयोगशाळा उघडून दिली. पाण्याचा जडपणा, म्हणजे त्यात विरघळलेलं कॅल्शियम-मॅग्नेशियम किती, हे काढायचा प्रयोग मी बी.एस्सी.पासून जर्नलात किमान तीनदा लिहिला होता, आणि खरं सांगते, त्यातल्या दोन वेळा रीडिंग शेजारच्या टेबलावरून उतरवलं होतं. या वेळी ५० मिली पाणी घेतलं, अमोनियाचं बफर घातलं, एरिओक्रोम ब्लॅक टी घातला, द्रावण द्राक्षारसासारखं लाल झालं आणि ब्युरेटमधून ईडीटीए सोडत बसले. पाणी जितकं जड तितकं ते जास्त लागतं. नळाच्या पाण्याचा रंग साडेनऊ मिलीला निळा झाला. बोरच्या पाण्याचा होईचना. वीस झाले, पंचवीस झाले, माझा हात थरथरायला लागला, बत्तीसला एकदम निळा. हिशेब केला तर नळाच्या पाण्यात जडपणा १९० पीपीएम (दहा लाख भागांत १९० भाग) आणि बोरच्या पाण्यात ६४० पीपीएम.

फळ्यावर शिकलेलं सगळं त्या क्षणी जागेवर बसलं. रिॲक्टिव्ह रंग कापसाच्या धाग्याशी बंध जोडतो तो अल्कधर्मी पाण्यात, त्यासाठी सोडा घालायचा. पण पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम भरपूर असलं की सोड्याबरोबर त्याचा चुना धाग्यावर बसतो आणि रंगाचे कण एकमेकांना धरून गोळा होतात. मास्तरांना मी हे माझ्या भाषेत सांगितलं. त्यांनी ते त्यांच्या भाषेत माणसांना सांगितलं. नळाचं पाणी एका वेगळ्या टाकीत फक्त फिक्या शेडसाठी राखायचं आणि बोरच्या पाण्यात जडपणा बांधून ठेवणारं रसायन मोजून घालायचं असं ठरलं. पुढच्या पंधरा दिवसांत एकच लॉट परत रंगवावा लागला. मास्तरांनी शेवटच्या दिवशी मला गुलाबी सुताची एक लडी दिली. ती माझ्या टेबलावर आहे.

ते सगळं मी वहीत लिहिलं होतं. तारीख, लॉट, पाणी, तापमान, किती मीठ, किती सोडा, शेड कशी आली. मास्तरांनी शेवटच्या पानावर सही केली. वही घेऊन मी विभागात गेले. मला सांगण्यात आलं की हे चालणार नाही. लेटरहेड नाही, जीएसटी क्रमांक नाही, शिक्का नाही. वही कुणी उघडूनही पाहिली नाही.

आणि मग मी जे केलं ते लिहायला मला जड जातं, पण न लिहिलं तर या पत्राला काही अर्थ नाही. वर्गातल्या मैत्रिणींनी एक पत्ता दिला. एका झेरॉक्सच्या दुकानावरची खोली. तिथल्या मुलानं संगणकावर आधीच तयार असलेली फाइल उघडली, आधीचं नाव खोडलं, माझं नाव टाकलं, तारखा विचारल्या. ८०० रुपये. फोटो हवे असतील तर आणखी २००. भिंतीवर खिळ्याला एक पांढरा ॲप्रन लटकवलेला होता, डाव्या बाहीवर शाईचा डाग असलेला. समोर एक फ्लास्क आणि दोन परीक्षानळ्या. माझ्या आधीच्या मुलीनं तो ॲप्रन काढून माझ्या हातात दिला, मी घातला, फोटो निघाला, मी काढून पुढच्या मुलाच्या हातात दिला. त्या फोटोत माझी नखं नीट दिसतात. ती निळी आहेत, कारण २६ दिवस रंगात घातलेले हात अजून निवळले नव्हते.

तो फोटो आणि ते प्रमाणपत्र तुम्ही स्वीकारलंत. माझ्या गुणपत्रिकेवर ओजेटीला ४६ गुण आहेत, ५० पैकी. ते एका दिवसासुद्धा न केलेल्या कामाचे आहेत. केलेलं काम कुठेही नोंदलेलं नाही.

चूक माझी आहे, ती मी कुणावर ढकलत नाही. ते गुण काढून घ्यायचे असतील तर घ्या. पण ज्या नियमामुळे प्रामाणिक वही नापास होते आणि खिळ्यावरचा ॲप्रन पास होतो, तो नियम तसाच ठेवून पुढच्या वर्गाला तीच नोटीस लावू नका.

आता तक्रारी सांगते.

पहिली या जीएसटीचीच. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचं अकरावं प्रकरण कुणीही वाचू शकतं. विद्यार्थ्यांना स्थानिक उद्योग, व्यवसाय, कलाकार, कारागीर यांच्याकडे काम शिकायची संधी मिळावी असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. कारागीर हा शब्द त्यात आहे. मग आपल्या शहरात रंगारी मास्तरांना त्यातून बाहेर कुणी काढलं? दुसऱ्याचं सूत रंगवून देणं हे जॉबवर्क. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर अशा माणसाला जीएसटी नोंदणी कायद्यानेच सक्तीची नाही. म्हणजे कायद्याला जे चालतं ते आमच्या ओजेटीला चालत नाही. सोलापूरचा कापड धंदा अशाच छोट्या छोट्या खोल्यांत वाटलेला आहे. एकीकडे सूत रंगतं, दुसरीकडे कांडी भरतात, तिसरीकडे बीम होतं, चौथीकडे माग चालतो. मोठं नाव आणि काचेचं ऑफिस असलेली जागाच खरी मानली तर या शहरातलं बहुतेक खरं काम तुमच्या यादीबाहेर राहील. आणि नेमकं तेच राहिलं आहे.

दुसरी गोष्ट, "तुमचं तुम्ही शोधा." ज्याचे काका औषध कंपनीत आहेत तो शोधतो. ज्याला पुण्यात मावशी आहे ती सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं जाते आणि महिनाभर तिथे राहते. मी त्यांच्यावर नाराज नाही, त्यांनी मिळेल ते घ्यावंच. पण माझ्या वर्गात एक मुलगा आहे, तो रात्री कापडाच्या गोदामात माल उतरवतो आणि सकाळी प्रॅक्टिकलला येतो. एक जण मोहोळहून एसटीनं येते, संध्याकाळची गाडी चुकली तर घरात प्रश्न विचारले जातात. यांनी ओळख कुठून आणायची? मोठ्या शहरातल्या कॉलेजांत यासाठी वेगळा कक्ष असतो, एक माणूस कंपन्यांना फोन करतो, मुलांच्या नावाची पत्रं पाठवतो. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी कक्षाची पाटी आहे. मी पाच दारांवर गेले तेव्हा माझ्या हातात कॉलेजचं साधं एक पत्र असतं तर निदान वॉचमननं आत सोडलं असतं.

तिसरी तक्रार संशोधन प्रकल्पाची आहे आणि ती मला सगळ्यांत जास्त लागली आहे. डाइंगमधून बाहेर आल्यावर माझ्या डोक्यात एकच विषय होता. रिॲक्टिव्ह रंग सगळाच्या सगळा धाग्याला लागत नाही. काही भाग पाण्याशीच अभिक्रिया करून निकामी होतो आणि धुण्याच्या पाण्याबरोबर गटारीत जातो. ते रंगीत पाणी आम्ही लहानपणापासून पाहतो. आमच्या गल्लीत आज कुठला रंग चालू आहे हे गटार बघून कळतं. आणि आपल्याच जिल्ह्यात मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी पिकते, कडब्याच्या गंजी लागतात, डाळिंबाच्या साली टाकून दिल्या जातात. कडब्याचा किंवा सालींचा कोळसा करून त्यावर हा रंग किती शोषला जातो ते मोजायचं, एवढाच साधा विषय मी मांडला होता. जगात अशा प्रकारचं काम झालेलं आहे, पद्धती ठाऊक आहेत, लागणारी रसायनं महाग नाहीत. मोजायला स्पेक्ट्रोफोटोमीटर लागतो आणि तो आपल्या विभागात आहे. प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली. महाविद्यालयाचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती आली तेव्हा मी तो पहिल्यांदा उघडलेला पाहिला.

मला सांगण्यात आलं, मागच्या बॅचचा विषय घे, फाइल तयार आहे, वेळेत होतो.

ज्या मॅडमनी हे सांगितलं त्यांच्याबद्दल माझ्या मनात राग नाही आणि तुम्हीही तो धरू नये. त्या तासिका तत्त्वावर आहेत. त्यांना घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात, तेही कधी महिन्यांनी. अकरा मुलांचे प्रकल्प तपासायचे, त्यांच्यासोबत प्रयोगशाळेत उभं राहायचं, याचा एक रुपया त्यांना मिळत नाही. दुपारी दोनला त्या दुसऱ्या कॉलेजात तास घ्यायला जातात. त्यांनी माझ्या कडब्यासाठी संध्याकाळी थांबावं असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? पण प्राचार्य महोदय, हे तुम्हाला दिसत नाही असं मला वाटत नाही. संशोधन मार्गदर्शनाचे तास कामाच्या भारात धरले जावेत, त्याचं मानधन मिळावं, हा प्रश्न तुम्ही संचालकांकडे, व्यवस्थापनाकडे, विद्यापीठाकडे किती वेळा लेखी मांडलात? मांडला असेल तर ते पत्र फलकावर लावा. आम्ही मुलंही त्यावर सह्या करू.

२००४ साली आपल्या जिल्ह्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं, ते इथले प्रश्न इथेच अभ्यासले जावेत म्हणून. केगावला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. डाळिंबावरच्या तेल्या रोगानं आणि मर रोगानं किती शेतकऱ्यांनी बागा उपटल्या हे सांगोल्याकडच्या कुठल्याही मुलाला विचारा. नान्नजला माळढोकचं अभयारण्य आहे. उजनीच्या काठावर रोहित पक्षी येतात. सोलापुरी चादर आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, डाळिंबाला आहे, मंगळवेढ्याच्या ज्वारीला आहे. एवढं सगळं बसच्या अंतरावर असताना आमच्या प्रकल्पांच्या फाइलींत दरवर्षी तेच सहा विषय फिरतात, ज्यांतला एकही सोलापूरचा नाही.

माहितीचंही तसंच. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून दर उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना दोन महिने मोठ्या प्रयोगशाळांत संशोधनाला पाठवतात, विद्यावेतन आणि प्रवासखर्च देतात. त्याचे अर्ज आदल्या हिवाळ्याच्या तोंडावरच बंद होतात. आम्हाला ही योजना फेब्रुवारीत कळली, तीही एका मुलीच्या मुंबईच्या चुलत भावाकडून. राज्यातल्या विद्यापीठांची आविष्कार संशोधन स्पर्धा २००६ पासून भरते. आमच्या वर्गाला तिची सूचना आदल्या दिवशी मिळाली आणि सोबत सांगण्यात आलं की दोन पोस्टर तरी करा, संख्या दाखवायची आहे. एका रात्रीत पोस्टर होतं. संशोधन होत नाही.

आता पैशाबद्दल. मी डाइंगवर गेले तो महिना आईच्या हाताखाली काज-बटणाला बसले नाही. शाळा जूनमध्ये सुरू होतात, म्हणजे मे हा गणवेशवाल्यांचा सुगीचा महिना. त्या महिन्यात माझ्या वाटचं जे काम गेलं ते आमच्या घराला जाणवलं. सरकारनं २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, त्यात बारावीवाल्याला महिना सहा हजार, आयटीआय आणि पदविकेला आठ, पदवीधराला दहा. पण शिक्षण चालू असलेल्याला ती नाही. केंद्राची पंतप्रधान इंटर्नशिप योजना त्याच वर्षीची, तीही पूर्णवेळ शिकणाऱ्याला नाही. म्हणजे ज्याला नियमानं काम शिकायला जावंच लागतं, त्याच्यासाठीच पैसे नाहीत. याच महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, मुलांनी श्रम करून शिकावं आणि त्या श्रमाला मोल असावं हे करून दाखवलं. 'कमवा व शिका' त्यांच्याच विचारातून आलं. आज ती योजना बऱ्याच ठिकाणी ग्रंथालयातली पुस्तकं पुसणं आणि झाडांना पाणी घालणं एवढ्यावर येऊन थांबली आहे. ते काम कमी प्रतीचं आहे असं मी म्हणत नाही. पण रसायनशास्त्राच्या मुलाला त्याच पैशात शहराच्या पाण्याचे नमुने तपासायला का देऊ नयेत? वाणिज्यच्या मुलीला छोट्या यंत्रमागधारकाचे हिशेब का देऊ नयेत?

उद्योजकहो, आता तुमच्याशी बोलते. हे पत्र अर्धं तुम्हाला आहे.

चांगली मुलं सोलापुरात राहत नाहीत, सगळी पुण्याला जातात, असं तुम्ही सभा-समारंभांत म्हणता. आमच्यातला कुणी दारात आला तर तुम्ही काय करता? "शिकवायला वेळ नाही." किंवा, "ये, चहा सांग, झेरॉक्स काढून आण." माझ्या एका मैत्रिणीनं गारमेंटमध्ये महिना काढला, त्यातले वीस दिवस ती लेबलं मोजत होती. तेही काम आहे, पण कापणी कशी बसवतात, एका गणवेशाला कापड किती लागतं, वाया किती जातं, हे तिला एकदाही दाखवलं गेलं नाही. आणि मुलींसाठी सोय नाही हे वाक्य मी स्वतः ऐकलं. सोय म्हणजे कडी लागणारं एक स्वच्छतागृह. तुमच्याकडे कांडी भरायला बायका आहेतच, शिलाईला आहेतच. मग ही सोय त्यांच्यासाठीही नाही का? हा प्रश्न ओजेटीपेक्षा मोठा आहे, पण विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

मास्तरांचा फायदा काय झाला ते मी वर सांगितलं. माझं शिक्षण त्यांच्या कामी आलं आणि त्यांचा तीस वर्षांचा हात माझ्या कामी आला. सूत ओलं असताना शेड गडद दिसते, वाळल्यावर किती उतरेल हे ते नुसतं दोन बोटांत लडी दाबून सांगायचे. ते कुठल्याही पुस्तकात नाही. आजोबा गिरणीत होते, ते सांगायचे की नवा पोरगा जुन्या माणसाच्या बाजूला उभा राहूनच काम शिकायचा. गिरण्या बंद पडल्या तशी ती उभं राहण्याची जागाही गेली. ती तुम्ही देऊ शकता.

आमचं मागणं असं आहे.

ही नोटीस मागे घ्या. लेटरहेड आणि जीएसटीऐवजी कामाची रोजवही, काम दिलेल्या माणसाची सही आणि कॉलेजच्या शिक्षकाची किमान एक प्रत्यक्ष भेट एवढ्यावर ओजेटी ग्राह्य धरा. पुरावा हवाच असेल तर उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) पुरेशी माना, ती फुकट होते. गुण प्रमाणपत्राला देऊ नका. मुलाला समोर बसवून पंधरा मिनिटं त्याच्या कामावर प्रश्न विचारा. विकत घेतलेला कागद पाचव्या मिनिटाला उघडा पडेल, माझाही पडला असता.

प्रत्येक कॉलेजनं वेगळं न धावता शहरातल्या सगळ्यांनी मिळून एक यादी करा. डाइंग, माग, गारमेंट, साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळा, दवाखाने, संशोधन केंद्रं, हिशेबनीसांची कार्यालयं. कुणाकडे किती मुलं घेता येतील, काय शिकवतील, मुलींची सोय आहे का. ही यादी डिसेंबरपर्यंत फलकावर लागली तर मे महिन्यात कुणाला खोली शोधत फिरावं लागणार नाही. विद्यार्थी आधीच कुठे पगारी काम करत असेल आणि ते त्याच्या विषयाशी जुळत असेल, तर तेच ओजेटी म्हणून धरा. ज्यांना घरून पैसे येत नाहीत त्यांना ओजेटीच्या काळात 'कमवा व शिका'मधून मानधन द्या, आणि उद्योजकांनी निदान येण्याजाण्याचा आणि जेवणाचा खर्च उचलावा.

प्रकल्पासाठी उपकरणं उघडी ठेवा. आठवड्यातून दोन संध्याकाळी चालतील, वहीत सही करून वापरू, मोडलं तर जबाबदारी घेऊ. वर्षाला निदान निम्मे विषय जिल्ह्यातले असावेत. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना मार्गदर्शनाचे पैसे मिळावेत म्हणून तुम्ही लेखी मागणी करा. आणि फेलोशिपच्या, आविष्कारच्या सूचना आल्या त्याच दिवशी वर्गाच्या ग्रुपवर टाका, एवढं तर उद्यापासून होऊ शकतं, त्याला कुणाची मंजुरी लागत नाही.

खालच्या वर्गाची आठ दिवसांची मुदत येत्या शनिवारी संपते. त्यांच्यातली दोन मुलं काल माझ्याकडे त्या खोलीचा पत्ता विचारत आली होती. मी दिला नाही, मास्तरांचा दिला. मास्तर त्यांना घ्यायला तयार आहेत. तुम्ही मुदत वाढवून ते काम ग्राह्य धराल की नाही, हे त्यांना शनिवारच्या आत कळलं पाहिजे.

माझी वही माझ्याकडेच आहे. बोलावलंत तर घेऊन येते.

आपली,
एम.एस्सी. भाग २, रसायनशास्त्र विभागातली एक विद्यार्थिनी
सोलापूर